सव्वासहाची पायरी

"आजोबा, तुमचा रेडिओ वेडा झालाय! मी आईला हाक मारतेय आणि उत्तर येतंय कोळंबीच्या लिलावातून!" नभा ओरडली.

एरवी ती पोट धरून हसली असती. पण बाहेर दाट धुकं होतं. तिची आई समुद्रावरच्या तरंगत्या प्रयोगशाळेतून एकटीच बोट चालवत घरी येत होती आणि खाडीच्या तोंडाशी म्हशीखडक दबा धरून बसला होता. तिला किनाऱ्यावरून वाट सांगायचा नवा रेडिओ घरच्या यंत्रमानवानं, म्हणजे खटपट्यानं, सकाळीच साबणाच्या पाण्यात घासून लख्ख केला होता. तेव्हापासून त्यातून फक्त फेस येत होता. उरला होता आजोबांचा जुना वॉकीटॉकी.

त्र्यंबकआजोबा रेडिओलहरींचे शास्त्रज्ञ. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"वेडा नाही गं, त्याच्या ढांगा मोठ्या आहेत. कंप्रता (लहर एका सेकंदात किती वेळा थरथरते तो आकडा) म्हणजे एक जिना समज. आमच्या वेळी त्याची एकेक पायरी साडेबारा किलोहर्ट्झची असायची (एक किलोहर्ट्झ म्हणजे सेकंदाला हजार कंपनं). पुढे बोलणारे वाढले, जिना तेवढाच राहिला. मग दर दोन पायऱ्यांच्या मधोमध आणखी एक पायरी बसवली."

"आणि आई मधल्या पायरीवर आहे!"

"हो. हा म्हातारा ढांग टाकतो ती खाली पडली की लिलावात, वर पडली की..."

नभानं बटण फिरवलं. "श्वास सोडाऽऽ," योगासनांच्या वर्गातून आवाज आला.

"मग ढांगच लहान करू या!"

"शाब्बास! त्याच्या चिपला ते जमतं, आजवर कुणी सांगितलं नाही एवढंच. खटपट्या, वायर जोड. पायरी सव्वासहा कर, मग आईचं चॅनेल भर. आणि आवाजाचा पसारा निम्मा कर, नाहीतर शेजाऱ्यांच्या पायरीवर सांडेल."

खटपट्यानं वायर जोडली आणि हाताची घडी घालून तो उभा राहिला.

"कर ना!" नभा म्हणाली.

"आत्ता कुठे पाच वाजलेत. सव्वासहाला करीन."

नभानं कपाळावर हात मारला. "वेळ नाही रे ती! सहा, आणि वर पाव!"

"हे आधी सांगायचं," म्हणत खटपट्या स्वयंपाकघरात गेला आणि बशीत सहा पाव घेऊन आला. त्यांच्या वर नीट मधोमध सातवा ठेवला होता.

तेवढ्यात धुक्यातून बोटीचा भोंगा ऐकू आला, थेट म्हशीखडकाच्या दिशेनं. नभानं खटपट्याकडे पाहिलं. याला 'सव्वा' कळत नाही, 'पाव' तर नाहीच नाही. पण आकडे कळतात!

"खटपट्या, लिही! सहा, टिंब, दोन, पाच!"

वॉकीटॉकी टुणकन वाजला.

"...कुणी ऐकतंय का? नभा?"

"आई! म्हशीखडक समोरच आहे! डावीकडे वळ, अजून डावीकडे!"

भोंग्याचा आवाज हळूहळू खडकापासून दूर सरकत गेला आणि नभाचा जीव भांड्यात पडला.

थोड्या वेळानं आई चहात पाव बुडवून खात होती. नभा तिला अशी चिकटून बसली होती की चहा सांडायची भीती. "हा रेडिओ मी भंगारात देणार होते," आई म्हणाली.

"कशाला? त्याला लहान पावलं टाकायला शिकवलं की झालं," नभा म्हणाली. "उद्या याहून बारीक पायऱ्या आल्या तरी मी काहीतरी शोधीन."

"शोधशीलच," आजोबा हसले. "बरं, आज जेवायला सव्वाआठला बसू."

खटपट्या लगबगीनं उठला आणि वॉकीटॉकीला वायर जोडू लागला.