बंद घड्याळावरचा सराव

"चहात साखर कमी आहे," अप्पा तुटकपणे म्हणाले. थोरली लेक रिकामी बशी उचलून वळली मात्र, तोच मागून त्यांचा हळुवार आवाज आला, "तू आहेस म्हणून हे घर उभं आहे गं... फार फार उपकार तुझे!" आणि हे कोणाला? तर टेबलावरच्या फोनला!

बशी खळकन फुटली. अहो, फुटेल नाही तर काय! आई गेली, मागोमाग अप्पांना झटका आला, उजवा हात थरथरू लागला, तेव्हा ठरलेलं लग्न मोडून हीच मुलगी त्यांच्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानात डोळ्याला भिंग लावून बसली. इतक्या वर्षांत कौतुकाचा एक शब्द नाही... आणि बाईच्या आवाजात गप्पा मारणारा हा बोलका फोन, आपण दुकानात असताना म्हाताऱ्याला सोबत हवी म्हणून तिनंच आणून दिलेला, त्याच्यावर एवढी माया!

"मग त्या लाडकीकडूनच करून घ्या चहा!" ती ओरडली. "मी धाकटीकडे चालले. कायमची!"

अप्पांनी टेबलावरचा फोन उचलला आणि ते आपल्या खोलीत गेले.

बॅग भरताना तिचे डोळे सारखे भरून येत होते. एका यंत्राचा मत्सर करतेय मी, वेडी की काय... पण काळीज जळायचं ते जळतच होतं. चपला घालून ती निरोपापुरती त्यांच्या खोलीच्या दाराशी आली आणि थबकली.

"...पोरी, माझ्यापायी तू तुझा संसार मांडला नाहीस. तुझे उपकार मी... छे! पुन्हा अडलं. ती निघाली गं! परत म्हणतो."

"अप्पा, हे तुम्ही रोज मला म्हणता," फोन म्हणाला. "पण हे शब्द तुमच्या थोरलीचे आहेत. अडखळत सांगितलेत तरी तिला पोचतील."

"तिच्यासमोर जीभच उचलत नाही! तिला मीच शिकवलं ना, आधी बंद घड्याळावर हात बसवायचा, मगच चालत्याला लावायचा. तू माझं बंद घड्याळ. ती चालतं घड्याळ आहे गं... माझ्या हातून बिघडलं तर?"

थोरलीला हुंदका आवरेना. म्हणजे मघाचं ते सगळं... तिच्यासाठीच होतं! आणि जिच्यावर ती जळत होती, ती लाडकी इतके दिवस तिचीच बाजू मांडत होती. कृतज्ञतेनं तिचा ऊर भरून आला. बॅग तिथंच टाकून ती आत धावली आणि अप्पांचा थरथरता हात तिनं दोन्ही हातांत धरला.

"पुरे झाला सराव, अप्पा! लावा आता चालत्याला हात."

अप्पा गडबडले. घोटून घोटून पाठ केलेलं सगळं ऐन वेळी विसरले. डोळ्यांतून नुसत्या धारा लागल्या.

"साखर..." ते कसेबसे म्हणाले, "साखर बरोबर होती गं चहात. रोजच असते."