दुसऱ्या तळघराच्या खाली

विश्वास ठेवा नाहीतर सोडून द्या. मी तिखटमीठ लावणार नाही, कारण हे माझ्या सख्ख्या मामाच्या बाबतीत घडलंय, आणि त्याची मुलगी माझ्या अंगाखांद्यावर वाढली आहे.

रविवार होता. दुपारचे साडेतीन. रात्र-बित्र काही नाही, बाहेर लख्ख ऊन.

मामा लिफ्ट दुरुस्त करतो. दिवसभर या इमारतीतून त्या इमारतीत. फोनवर नकाशा लावला की नेमकं कुणीतरी लिफ्टमध्ये अडकतं, फोन वाजतो आणि मामा रस्ता चुकतो. शेवटी मामी वैतागली.

"गाडीत वेगळं जीपीएस बसवून घ्या. नाहीतर एखादा बिचारा लिफ्टमध्येच म्हातारा व्हायचा."

म्हणून तो सात वर्षांच्या चिमीला घेऊन मॉलमधल्या दुकानात गेला.

दुकानदाराने तीन यंत्रं काढली. एक मोठ्या स्क्रीनचं. एक स्वस्त, पण नकाशे जुने. तिसरं कुणीतरी वापरून परत केलेलं.

मामाने तिसरं उचललं. लिफ्टवाले नव्या दोरावर चटकन भरवसा ठेवत नाहीत. नवा दोर ताणतो, चाललेला दोर बसलेला असतो. तोच हिशेब त्याने इथे लावला.

"आधीच्या माणसाचे पत्ते आहेत आत. पुसून देतो," दुकानदार म्हणाला.

"राहू द्या. चालू मशीनला हात लावायचा नाही."

हा मामाचा कामावरचा नियम. त्यापुढे तो ब्रह्मदेवाचंही ऐकत नाही.

"परत का दिलं त्यांनी?"

"ते नाही आले," दुकानदार म्हणाला. "त्यांची बायको आली होती."

गाडी दुसऱ्या तळघरात लावली होती. मामाने यंत्र काचेला चिकटवलं. चिमी मागे बसली, पट्टा लावला.

यंत्र लगेच बोललं...

"सरळ जा."

दोन मजले जमिनीखाली सिग्नल कुठून आला? मामाला उलट आनंदच झाला. माल चांगला निघाला म्हणे!

"डावीकडे वळा."

वळला. उतार लागला. खाली जाणारा...

एकेरी वाट असेल, वळसा घालून वर निघू, असं त्याला वाटलं. पण अर्ध्यावर त्याला आठवलं.

त्या मॉलची लिफ्ट वर्षभर त्यानेच सांभाळली होती. दुसऱ्या तळघराखाली फक्त लिफ्टचा खड्डा आहे. पुरुषभर खोल. त्याखाली दगड. त्या खड्ड्यात उभं राहून त्याने कितीदा काम केलं होतं.

वळायला जागा नव्हती. दोन्ही भिंती आरशांना टेकायच्या बेतात.

उतार संपला.

समोर रिकामं पार्किंग. एकही गाडी नाही. खांबांवर नंबर नाहीत. पंख्यांची घरघर नाही. इंजिन चालू होतं, पण त्याचाही आवाज येईना...

स्क्रीनवर एकच शब्द. घर. खाली आकडा, चाळीस मीटर.

मामाने करकचून ब्रेक दाबला आणि यंत्राची वायर उपटली. स्क्रीन विझली.

"तीस मीटर," यंत्र म्हणालं.

गाडी जागची हलली नव्हती.

"वीस मीटर..."

तेव्हा मामाला कळलं. आपण कुठे जात नव्हतो. ते येत होतं.

मागे खट्ट झालं. चिमीने पट्टा काढला होता. तिचा हात दाराच्या कडीवर होता.

"चिमे, बस खाली."

"आलंय ना, बाबा. मला उतरायचंय."

मामाने यंत्र खिडकीबाहेर भिरकावलं. एका हाताने तिचा फ्रॉक मुठीत धरला आणि दुसऱ्या हाताने गाडी रिव्हर्समध्ये घातली. अख्खा उतार उलटा चढला. दोन्ही आरसे तुटले. त्याने समोर एकदाही पाहिलं नाही.

मग दोन्ही तळघरं मागे टाकून थेट बाहेर. वर ऊन होतं. चार वाजून दहा मिनिटं. आजोबा गेले तेव्हाही न रडलेला मामा फाटकापाशी गाडी थांबवून रडला. चिमीला साधा ओरखडाही नव्हता.

दुसऱ्या दिवशी तो वॉचमनला घेऊन तो उतार शोधायला गेला. तिथे भिंत होती. भिंतीवर त्याच्या गाडीचा रंग घासलेला होता.

दोन महिने बरे गेले.

मग एका सकाळी मागच्या सीटवरून चिमी म्हणाली, "अठरा किलोमीटर."

"कुठपर्यंत गं?"

"आपल्यापर्यंत."

मामाने रस्ते बदलले. आकडा कमीच होत गेला. गाडी विकली. मग सगळे दुसऱ्या गावी, माझ्याकडे राहायला आले. तरी आकडा कमीच.

आज सकाळी चिमी माझ्या स्वयंपाकघरात दूध पीत होती. पेला खाली ठेवला, मिशी पुसली.

"ताई, चारशे मीटर."

मामाने सगळी दारं लावून घेतली आहेत. तो बाहेरच्या दाराला पाठ लावून बसलाय. मामी चिमीचा हात सोडत नाहीये. मी हे लिहून काढतेय, म्हणजे कुठेतरी राहील.

आतून चिमी मला हाका मारतेय. तिला काहीतरी सांगायचंय, आणि माझी उठायची हिंमत होत नाहीये.