पाटीवर लिहिलं होतं 'स्वतंत्र खोली'

विश्वास बसणार नाही, पण हे घडलेलं आहे. तेही रात्री नाही, पिंपरीजवळच्या काळेवाडीत भर दुपारी. साल १९५६.

बार्शीकडचा ज्योतीराम पिंपरीच्या औषधांच्या कारखान्यात नुकताच लागला होता. तेव्हा घरमालक एकच खोली दोघांना द्यायचे. एक रात्रपाळीचा, एक दिवसपाळीचा. एक उठला की दुसरा त्याच अंथरुणावर आडवा!

ज्योतीरामला ते चालणार नव्हतं. बायको यशोदा तान्ह्या बाळाला घेऊन येणार होती.

म्हणून दौलतरावांची पाटी वाचून तो हरखला. 'कुटुंबासाठी स्वतंत्र खोली. दुसरा भाडेकरू नाही.'

पहिल्याच सकाळी रात्रपाळी करून आला. कुलूप उघडणार, तोच...

आत कुणीतरी खोकलं.

दार उघडलं, तर खोली रिकामी होती. गुंडाळून ठेवलेलं अंथरूण मात्र पसरलेलं.

हात लावला... ऊबदार.

त्याचं डोकंच फिरलं. "मालक, पाटीवर एक आन् खोलीत दुसरंच? पाळीवाला घुसवलाय ना?"

"न्हाई रं बाबा. किल्ली तुज्याकडंच हाय," दौलतराव म्हणाले. पण नजर वर केली नाही.

ज्योतीरामने कुलूप बदललं. अंथरूण रोज ऊबदारच.

दुसरी खोली मिळेना. तेवढ्यात यशोदा आली, त्याला दिवसपाळी लागली.

एका दुपारी तो पाळी संपवून घरी परतला. यशोदा उंबऱ्यात तांदूळ निवडत होती. त्याला बघून तिच्या हातातलं सूप पडलं.

"अहो... तुम्ही बाहेर कसे?"

"म्हंजे?"

"मी पाणी घेऊन आले, तर तुम्ही भिंतीकडं तोंड करून झोपलेले. मी बाळाला तुमच्याजवळच..."

आतून खोकला आला.

दोघं धावले. बाळ शांत झोपलं होतं. एकटंच. शेजारची जागा मात्र...

ऊबदार.

त्याच संध्याकाळी त्यांनी खोली सोडली. दौलतरावांची बायको गोजाबाई डोळ्याला पदर लावून एवढंच म्हणाली, "ह्यास्नी म्या सांगितलं व्हतं, पाटीवर खरं काय ते लिवा."

खरं काय, ते तिने सांगितलं नाही. पुढच्या आठवड्यात पाटी बदलली. 'खोली भाड्याने. आत एक जण आहे.'

तरीही ती खोली लगेच भाड्याने गेली. खोल्याच मिळत नव्हत्या ना!

ते बाळ आता आजोबा झालंय. अजूनही अंथरुणाच्या कडेला झोपतं, अर्धी जागा सोडून. सवय असेल, असं सगळे म्हणतात.

पण त्याचं अंथरूण यशोदाबाई कधीच गुंडाळत नाहीत. त्या मोकळ्या जागेला हात लावायची त्यांना आजही भीती वाटते...