गळ्यापासून खाली

लग्नघरात बाईला बसायला फुरसत नसते, आणि यव्होनला तर उभं राहायचंही त्राण नव्हतं. मरोळ गावठाणातल्या त्या घरात सकाळपासून नुसता कल्ला. लेक किम्बर्लीचं लग्न उद्यावर आलेलं. आज उंबराचं पाणी, म्हणजे बॅण्ड लावून विहिरीवर जायचं, घागरी भरून आणायच्या आणि त्या पाण्याने नवरीला आंघोळ घालायची. विहिरीवर आता लोखंडी जाळी आणि आत प्लास्टिकच्या बाटल्या. पण रीत ती रीत. नवऱ्याने, अँथनीने, जाळीचं कुलूप काढून घेतलं आणि बाटल्या बाजूला सारून घागरी भरल्या.

यव्होनच्या गळ्यावर थायरॉइडच्या ऑपरेशनचा व्रण होता, तीन वर्षांपूर्वीचा. यंदा डावा स्तन काढला. तिची माय एथेल अशीच गेली, आधी गळा, मग छाती. अंधेरीच्या डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या, "हे दोन्ही कॅन्सर कधीकधी एकाच बिघडलेल्या जीनमुळे होतात. तो मुलांकडेही जाऊ शकतो. मुलीची ब्लड टेस्ट करून घ्या."

किम्बर्ली ऐकेल तर शपथ! "लग्न होऊ दे ना, मम्मा. आत्ता रक्तबिक्त नको, प्लीज." भांडायला अंगात जोर होता कुठं? यव्होनने विषय सोडला, पण जीव टांगणीला लागला तो लागलाच.

एक गोष्ट मात्र तिने कोणालाच सांगितली नव्हती. स्वतःची गाठ निघाल्यापासून एथेलला एक खोडच जडली होती. रविवारी चर्चमध्ये मिसा ऐकून आली की यव्होनच्या गळ्यावर दोन बोटं टेकवायची आणि म्हणायची, "गिळ." ती गेली तेव्हा किम्बर्लीचा जन्मही झाला नव्हता. आणि तीन वर्षांपूर्वी, केस धुताना डोळे मिटलेले असताना, यव्होनच्या गळ्यावर तीच बोटं टेकली होती. न्हाणीघराला आतून कडी. बोटं तिथून हलायलाच तयार नव्हती. महिन्याभरात गाठ सापडली. सांगणार कोणाला? फादरला बोलवून घरभर पवित्र पाणी शिंपडायला लावलं असतं सगळ्यांनी.

दुपारी परसात किम्बर्ली पाटावर डोळे मिटून बसली. आत्याने तिच्या डोक्यावर नारळाचा रस ओतला, मग घागर रिकामी केली. बायकांची गाणी रंगली होती. यव्होन टॉवेल घेऊन दाराला टेकून उभी होती.

"मम्मा, हळू ना," किम्बर्ली म्हणाली. "बोटं केवढी गार आहेत गं तुझी!"

बायका खो खो हसल्या. "अगं येडे, मम्मा तिकडं दारात उभी आहे."

किम्बर्लीने डोळे उघडले. दारातल्या आईकडे बघत तिने एकदा आवंढा गिळला.

किम्बर्लीला आतल्या खोलीत नेऊन यव्होनने दार लावून घेतलं. "कुठं लागली बोटं?"

"गळ्यावर. कोणीतरी म्हणालं, गिळ. मी गिळलं."

"थांबली तिथं?"

"नाही. मग छातीवर आली, डावीकडे. तिथंही नाही थांबली."

यव्होनने पलंगाची कड धरली. देवा, सुटली माझी बाय! किती दिवसांनी तिला पोटभर श्वास घेता आला.

"मग खाली सरकली," किम्बर्ली म्हणाली. "पोटावर. तिथंच राहिली."

"पोटावर कशाला?"

किम्बर्लीने मान खाली घातली. ओल्या केसांतून रस तिच्या मांडीवर ठिबकत होता.

"दुसरा महिना आहे, मम्मा. टेस्टमध्ये सगळं बाहेर येईल म्हणून नको म्हणत होते."

ओरडावं की जवळ घ्यावं, यव्होनला कळेना. ती पलंगावर बसली. बाहेर बॅण्डवाल्यांनी नवं गाणं सुरू केलं.

"मम्मा, बोटं पोटावर होती तेव्हाही तो आवाज तेच म्हणाला. गिळ."

"मग?"

"आतून कोणीतरी घोट घेतला."