सहावी खुर्ची

चालत्या टेम्पोला स्कूटी आडवी घालू नये, हे मलाही कळतं. पण शंभर वर्षांची खुर्ची कुणी नायलॉनच्या दोरीनं, तीही कोरीव पाठीलाच गाठ मारून, उलटी लटकवून नेत असेल तर? उंब्रजच्या चौकात उसाच्या ट्रॉल्यांमागे टेम्पोचा वेग कमी झाला आणि मी संधी साधली.

"अवो, खाली उतरा! खुर्च्या हायत का म्हशी?"

ड्रायव्हरशेजारचा तरुण उतरला. इस्त्रीचा शर्ट, चष्मा, सांगलीच्या शहरी घरातलं नीटस बोलणं. "आपण कोण?"

"सुतार."

तो हसला. मी नाही हसले. सगळ्या दोऱ्या सोडल्या, मध्ये गोणपाट घातलं आणि पुन्हा बांधल्या. तो दोरीची टोकं धरून माझ्या हातांकडे बघत होता… आणि मला ते आवडत होतं, याचाही रागच आला.

त्याचं नाव ऋषिराज. शिरवळच्या जुन्या फर्निचरच्या गोदामात तो नोकरीला होता. हॉलंडहून जेवणाच्या टेबलाच्या या पाच खुर्च्या आल्या होत्या, पुण्याच्या गिऱ्हाइकाला मात्र सहा हव्या होत्या. सोबत त्याच लाकडाचं एक मोडकं टेबल आलं होतं.

"सांगलीपर्यंत सुतार शोधून आलो. सहावी कोण करणार, हाच प्रश्न आहे," तो म्हणाला.

"उत्तर समोर हुबं हाय की."

नमुन्याला एक खुर्ची आणि लाकडासाठी ते टेबल माझ्या शेडमध्ये आलं. काय काम होतं ते! पाय खाली जाताना जाड होत गेलेले, पाठ पायऱ्या-पायऱ्यांनी वर चढलेली, कडेला काळ्या लाकडाच्या पट्ट्या. करणाऱ्याच्या मनात काहीतरी उसळलं होतं आणि त्यानं ते लाकडात उतरवलं होतं. खिळा एकही नाही. सगळे सांधे लाकडी खुंट्यांवर.

ऋषिराज दर गुरुवारी 'काम बघायला' यायचा. भुसा झटकायचा, चहा थंड करायचा.

"किती टिकेल ही?"

"शंभर वर्सं. माझा सांधा आन् माझा राग, दोनी ढिलं पडत न्हाईत."

"सांधा पाहिला… राग अजून नीट पाहिला नाही."

"बघायची लय हौस हाय?"

"तुमच्याकडे बघायची आहे," तो हळूच म्हणाला, आणि माझा रंधा आडवा गेला.

खुर्ची झाली. मी तिच्या बैठकीखाली पटाशीनं जोंधळ्याचं कणीस कोरलं. ती माझ्या आबांची खूण, त्यांच्यामागे माझी. "जुनं ते हॉलंडवाल्यांचं, नवं ते माझं. कुणाला फसवायचं न्हाई," मी सांगितलं. त्यानं त्या कणसावरून बोट फिरवलं आणि मान हलवली.

पंधरा दिवसांनी गोदामाची जाहिरात मोबाईलवर दिसली. 'सहा अस्सल डच खुर्च्या, शंभर वर्षं जुन्या.'

मी तडक शिरवळ गाठलं. गोदामात शिरून माझी खुर्ची उलटी केली. कणीस घासून काढलेलं, वर पॉलिश.

मालक लालासाहेब आरामात म्हणाले, "तुमची मजुरी दिली ना? मग झालं तर!"

मी ऋषिराजकडे वळले. "तुमास्नी ठावं हुतं?"

"परवापासून," तो खाली बघत म्हणाला.

"दोन दिस गप ऱ्हायलात?"

"नोकरी… क्रांती, मी सांगणारच होतो—"

"जुन्याला कुणी खिळा मारला तर मी भांडते. तुमी तर माझं नाव पुसलेलं बघत बसलात!"

परतीच्या वाटेवर मी रडले. खुर्चीसाठी थोडं, त्याच्यासाठी जास्त. तो आता येणार नाही, आणि आला तरी मी दार उघडणार नाही, असं मी ठरवून टाकलं.

गुरुवारी तो आला. शेडचं दार नेमकं उघडंच होतं. हातात माझी खुर्ची, गोणपाटात नीट गुंडाळलेली, गाठ पायांना मारलेली.

"गिऱ्हाइकाला खरं सांगितलं. त्यानं पाचच घेतल्या. नोकरी गेली. शेवटच्या पगाराऐवजी हीच मागून घेतली." त्यानं खुर्ची उलटी करून माझ्यापुढे धरली. "खूण परत करा. मी धरतो."

मी पटाशी घेतली. कणीस आधीपेक्षा खोल कोरलं. तो श्वास रोखून खुर्ची धरून होता, भुसा त्याच्या इस्त्रीच्या शर्टावर पडत होता.

"अजून रागावलाय?"

"व्हय."

"किती दिवस?"

"ही खुर्ची टिकंल तवर."

त्यानं खुर्ची सरळ ठेवून हलवून पाहिली. कुठे कुरकुर नाही. "म्हणजे शंभर वर्षं… रोज समोर बसून ऐकून घ्यावं लागेल मला."

"त्याला आनखी एक खुर्ची लागंल," मी म्हणाले, आणि मोडक्या टेबलाची उरलेली फळी काढायला उठले.