ओढ्यापलीकडचे चिमटे

ज्यांना फक्त चिरफाड करायची आहे त्यांनी पुढे वाचू नये. ही गोष्ट माझ्या सख्ख्या मावसभावाच्या, सौमित्रच्या बाबतीत घडलेली आहे. तो थापा मारणाऱ्यातला नाही. साधं खोटं बोलायची वेळ आली तरी त्याचे कान लाल होतात.

२००६ सालचा नोव्हेंबर. पहिला शनिवार. अमेरिकेत, इलिनॉयच्या अगदी दक्षिण टोकाला, डोंगराळ सरकारी जंगलात.

वेळ पहाटेची. पण अंधार असा, की रात्रच म्हणा.

आधी थोडं मागचं सांगतो, नाहीतर त्याला नेमकं कुठं लागलं ते कळणार नाही.

सौमित्र नागपूरचा, त्याचा मित्र संग्राम साताऱ्याचा. पुण्यात एकाच सॉफ्टवेअर कंपनीत लागले, एकाच विमानानं शिकागोला उतरले आणि तिथल्या शॉमबर्ग उपनगरात एकाच फ्लॅटमध्ये राहिले. पुढे बायका आल्या, सौमित्रची उल्का आणि संग्रामची पद्मजा, तेव्हा त्याच कॉम्प्लेक्समध्ये समोरासमोर बिऱ्हाडं झाली.

सौमित्रचे वडील गेले तेव्हा त्याच्या व्हिसाचे कागद अडकलेले होते. त्याला जाता आलं नाही. ते सगळे दिवस संग्राम त्याच्या उशाशी बसून होता. तेराव्याचा स्वयंपाकही त्यानंच केला. वरण करपवलं, पण केला.

सौमित्रला सख्खा भाऊ नाही. तो म्हणायचा, आता आहे.

शिकारीचं वेड दोघांना ऑफिसातल्या एका गोऱ्या सहकाऱ्यानं लावलं. बंदुकीनं नव्हे, धनुष्यबाणानं. रीतसर लायसन्स काढून. उल्का म्हणायची, "घरात झुरळ मारायला मला हाक मारतोस आणि म्हणे हरीण मारणार."

धनुष्याची शिकार म्हणजे नेम कमी आणि पायपीट जास्त. सरकारी जंगल सगळ्यांचं. त्यामुळे गाड्या लावतात तिथल्या सपाटीवर माणसांची गर्दी, आणि पांढऱ्या शेपटीची ती हरणं पार आत, जिथं पोचताना माणसाचा दम निघतो. मार्चपासून सौमित्र सुट्टी मिळाली की सहा तास गाडी हाणत तिकडे जायचा. कडे चढायचा, काट्यांत घुसायचा. शिंगं घासून साल निघालेली झाडं शोधायचा, खुरांनी उकरलेली माती शोधायचा. ऑगस्टमध्ये त्याला एक खिंड सापडली. दोन टेकड्यांच्या मधली, ओकच्या झाडांची. हरणांच्या सगळ्या वाटा तिथंच येऊन मिळत होत्या.

ती जागा त्यानं एकट्या संग्रामला दाखवली. दोघांचं ठरलेलं होतं, जागा ज्यानं शोधली, तिथं पहिल्यांदा तोच बसणार.

अंधारात तिथवर पोचायला खुणा लागतात. उल्कानं नागपूरहून कपड्यांचे निळे प्लास्टिकचे चिमटे आणले होते. कॉम्प्लेक्समध्ये गॅलरीत कपडे वाळत घालायला बंदी, म्हणून ते नुसते पडून होते. सौमित्रनं त्यांवर चमकती पट्टी चिकटवली आणि वाटेवरच्या फांद्यांना लावले. कपाळावरच्या दिव्याचा उजेड पडला की लांबून ठिपका चमकतो. एका ठिपक्यापासून दुसऱ्या ठिपक्याकडे चालत राहायचं. एकाच फांदीवर दोन ठिपके दिसले, की तिथं आपलं मचाण.

नोव्हेंबरचा पहिला आठवडा म्हणजे नर माजावर आलेले. वर्षातली हीच वेळ.

गुरुवारी संग्रामचा फोन आला.

"यार, माझं कॅन्सल. वीकेंडला रिलीज आहे, मॅनेजर सोडत नाहीये."

"मग मी पण नाही जात."

"वेडा आहेस का? वर्षभर घासलीयेस तू. जा तू. चिमटे लावलेयत ना, डोळे मिटून पोचशील."

आणि सौमित्र गेला.

पहाटे त्यानं गाडी लावली, तेव्हा तिथं दुसरी गाडी नव्हती. त्याला बरं वाटलं. कपाळावर दिवा लावून तो निघाला. पहिला ठिपका चमकला. मग दुसरा. ओकची फळं टपटप पडत होती. लांब कुठंतरी घुबड घुमत होतं. ओढा आला.

ओढ्यापाशी ठिपका डावीकडे चमकला.

सौमित्र थबकला. त्याला उजवीकडे आठवत होतं. पण अंधारात स्वतःच्या डोक्यापेक्षा खुणेवर विश्वास ठेवायचा, हे त्याला संग्रामनंच शिकवलं होतं. तो डावीकडे वळला.

एक ठिपका. मग पुढचा. मग त्याच्या पुढचा.

चढ लागला. हा चढ ओळखीचा वाटत नव्हता.

आणि मग त्याच्या लक्षात आलं...

ओकची फळं पडायची थांबली होती.

घुबड थांबलं होतं. वारा नव्हता. स्वतःचा श्वास तेवढा ऐकू येत होता.

त्यानं पाऊल टाकलं, पाला चुरचुरला. तो थांबला.

पाला... आणखी एकदा चुरचुरला.

मागे वळून त्यानं दिवा फिरवला. कोणी नव्हतं. पण आत्ताच तो ज्या ठिपक्यांजवळून आला होता, त्यातला एकही चमकत नव्हता. पट्टी तर त्यानं दोन्ही बाजूंनी चिकटवली होती. मागे नुसता काळोख, आणि पुढे ठिपके, ओळीनं, वर वर जाणारे.

मागे खूणच उरली नव्हती, म्हणून तो पुढे गेला.

शेवटी एका फांदीवर दोन ठिपके दिसले.

झाडाला मचाण होतं. त्याचं नव्हतं. लोखंडी, जुनं, आणि झाडाला बांधलेली साखळी सालीच्या आत गिळली गेलेली. किती वर्षांत झाड असं साखळी गिळतं कोण जाणे.

तो वर बघणार, तेवढ्यात...

वरून आवाज आला.

"आलास?"

म्हातारा आवाज. दमलेला. रागावलेला नव्हता, आणि तेच वाईट होतं.

"लगेच येतो म्हणून गेलास."

कोणत्या भाषेत हे शब्द होते, ते सौमित्रला आजही सांगता येत नाही. त्याला कळले एवढं खरं.

त्यानं दिवा वर केला. मचाण रिकामं होतं. बसायची फळी कुजून अर्धी गळून पडलेली. त्यावर मांजरसुद्धा बसू शकलं नसतं.

आणि मग त्याच्या खांद्याला काहीतरी लागलं...

दोरी होती.

वर बसलेला शिकारी खालचं धनुष्य ओढून घ्यायला जशी दोरी सोडतो, तशी. वरून, हळूहळू, कोणीतरी हातानं सोडावी तशी ती खाली येत होती. त्याच्या छातीपाशी येऊन थांबली. वाट बघत.

सौमित्र मागे सरकला आणि पायाखालची जमीनच संपली.

तो घसरला. एका खडकाला अडकला म्हणून वाचला. हात सोलून निघाला होता. जीव मुठीत धरून तो खडकाला पाठ लावून बसला, दिवा वरच्या दिशेनं धरून. वरून परत आवाज आला नाही. फक्त दोरी झाडाच्या सालीला घासत असल्यासारखं काहीतरी ऐकू येत राहिलं.

उजाडलं तेव्हा त्यानं पाहिलं. खडकाच्या खाली सरळ कडा होता.

तो वर चढला. मचाण होतं, साखळी होती. दोरी नव्हती. फांदीवर दोन चिमटे होते.

लाकडी. करडे पडलेले, बुरशी आलेले. एकाला त्यानं नुसता हात लावला आणि त्याचा भुगा झाला.

उतरताना वाटेवर सगळे तसेच, लाकडी. पार ओढ्याजवळ आल्यावर मात्र शेवटचे तीन निळे होते. नागपूरचे.

ओढ्यापाशी, त्याच्या नेहमीच्या वाटेवर, चिखलात बुटाचे ताजे ठसे होते. खिंडीकडे गेलेले.

तेव्हाच त्याला कळलं होतं, असं तो म्हणतो. तरी तो वर गेला. कुणी दुसराच असू दे, असं म्हणत गेला.

त्याच्या ओकवर, त्याच्या मचाणावर, संग्राम बसला होता. रिलीजवाला संग्राम.

सौमित्रला रडू आलं. भुताला भिऊन आलं नव्हतं ते आता आलं. ज्यानं बापाच्या तेराव्याला वरण रांधलं, त्यानं एका हरणाच्या शिंगांसाठी केसानं गळा कापला होता.

"चिमटे तू हलवलेस?" त्यानं खालून विचारलं.

संग्रामचा चेहरा उतरला. पण जसा गोंधळायला हवा होता तसा तो गोंधळला नाही. जणू विषय आधीच होऊन गेला होता.

"हो. सांगितलं ना मघाशी. तीनच. ओढ्याजवळचे. मला वाटलं, पुढे खूण दिसली नाही की तू तिकडच्याच टेकडीवर कुठंतरी बसशील. मी पलीकडच्या रस्त्यावर गाडी लावली. चुकलं यार. पण आता परत कशाला..."

"पुढचे कुणी लावले? लाकडी?"

"कुठले पुढचे?"

सौमित्र झाडाच्या अगदी खाली आला. मग म्हणाला, "मघाशी म्हणजे कधी?"

संग्राम मचाणावरून खाली वाकला.

"उजाडायच्या आधी. तू आलास ना खाली. दिवा विझवून उभा होतास. मी आधी घाबरलो, मग तू हाक मारलीस. मी सगळं कबूल केलं सौम्या. रडलो मी. आणि तू म्हणालास, जाऊ दे. पुढच्या वर्षी दोघं बरोबर येऊ. मी न्यायला येतो."

"मी नव्हतो."

"आवाज तुझाच होता."

सौमित्रनं सोललेला हात वर करून दाखवला. त्या वेळी तो कुठं होता ते सांगितलं. संग्रामचा विश्वास बसला नाही. त्याला वाटलं, दिलेली माफी सौमित्र आता रागानं परत घेतोय. "एकदा म्हणालास ना जाऊ दे, मग आता नाटक कशाला," असंही तो बोलला.

सौमित्र एकटा परत आला. त्यानंतर तो संग्रामशी बोलला नाही. फोन आले, उचलले नाहीत. दारावर थाप आली, दार उघडलं नाही. उल्का म्हणायची, सोड आता. त्याला सोडता येत नव्हतं. समोरची खिडकी दिसली तरी तो पडदा ओढून घ्यायचा.

वर्ष गेलं.

२००७ चा नोव्हेंबर. पहिला शुक्रवार. सौमित्र संध्याकाळी ऑफिसातून घरी आला, बूट काढत होता. मोबाईल वाजला. पद्मजा होती. आवाज खुशीत.

"काय हो भावजी, पोचलात का? याचा फोन लागत नाहीये."

"कुठं पोचलो?"

"गंमत नका करू. बरं झालं हो मिटलं तुमचं. वर्षभर फार झुरला तो. दुपारी तुम्ही न्यायला आलात, तेव्हा लहान पोरासारखा धावत खाली गेला."

सौमित्रच्या हातातला बूट तसाच राहिला.

"वहिनी, मी घरी आहे."

त्यानं खिडकीचा पडदा सारला.

"समोर बघा. खिडकीत या."

ती खिडकीत आली. तो आपल्या खिडकीत उभा राहिला. दोघं एकमेकांना बघत होते, फोन कानाला लावून.

"मग..." ती म्हणाली. "मग त्याच्या गाडीपाशी कोण होतं? मी हात केला. तुम्ही वर बघितलंत माझ्याकडे."

संग्रामची गाडी जंगलाच्या कडेला मिळाली. खिंडीतल्या ओकवर त्याचं धनुष्य नीट टांगलेलं होतं, बॅगही. त्यानं डबाही नेला होता. दोघांपुरता. उघडलेला नव्हता. कुत्री आणली, माणसं आणली, बर्फ पडेपर्यंत शोधलं. संग्राम मिळाला नाही.

पोलिसांनी सौमित्रला दोनदा बोलावलं. त्या दुपारी तो मीटिंगमध्ये होता, दहाबारा जणांसमोर, म्हणून सुटला. पद्मजानं मात्र त्याला सोडलेलं नाही. ती साताऱ्याला परतली. अजून मधूनच फोन करते आणि शांतपणे विचारते, "भावजी, कुठं नेलंत त्याला?" तिनं तो चेहरा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलाय, तिला काय समजावणार?

मी सौमित्रला एकदाच विचारलं होतं, तुला भीती कशाची वाटते. त्या मचाणाची?



"माझा राग अजून आहे तसाच आहे," तो म्हणाला. "तो गेला, तरी मी त्याला माफ केलेलं नाही. मला जमलंच नाही. आणि तो मात्र माफी मिळाली म्हणून हसत हसत गाडीत बसला."

मग त्यानं माझ्याकडे पाहिलं.

"माझ्या नावानं त्याला माफ केलं कोणी?"