सातवा कोअर

मी घरी बसून इमारतींचे नकाशे काढतो. नकाशातला जिना जरा फिरवायचा म्हटलं, तर माझा जुना कॉम्प्युटर इतका वेळ घ्यायचा की तेवढ्यात मी खराखुरा जिना उतरून दूध घेऊन परत यायचो. शेवटी नवा प्रोसेसर घ्यायचा ठरला. तीन आठवडे अभ्यास केला. कोअर किती, वीज किती खातो, तापतो किती, आपल्या मदरबोर्डवर बसेल का, असा तक्ता करून फ्रिजवर चिकटवला.

"लग्नाला हो म्हणायला तुला दहा मिनिटं लागली होती," बायको म्हणाली.

दुरुस्तीवाल्याकडून सहा कोअरचा, वापरलेला पण धडधाकट प्रोसेसर आणला. "म्हणजे सहा माणसं एकाच वेळी राबणार," मी घरात समजावून सांगितलं.

"आणि पगार एकालाही नाही," सासरे म्हणाले.

सासरे आमच्याकडेच राहतात. तीस वर्षं पाण्याच्या पंपावर रात्रपाळी केलेला माणूस. निवृत्त झाले तेव्हापासून झोप रुसली ती रुसलीच. रात्री टक्क जागे, दुपारी नुसत्या कुशी बदलणं. त्यामुळे रात्री प्रोसेसर बसवताना टॉर्च धरायला तेच. कोपऱ्यावरचा त्रिकोण सॉकेटवरच्या त्रिकोणाशी जुळवून मी प्रोसेसर अलगद ठेवला, दांडी खाली केली, वर उष्णता ओढून घेणारी थर्मल पेस्ट वाटाण्याएवढी लावली.

"याहून जास्त मी दाताला लावतो," असं म्हणता म्हणता त्यांना मोठी जांभई आली.

कॉम्प्युटर सुरू झाला. नकाशातला जिना भिंगरीसारखा फिरला. मग मी कोअरचे आलेख उघडले. सहाऐवजी सात होते. दुरुस्तीवाल्याला फोन लावला.

"साहेब, लोक कमी आल्याची तक्रार करतात. तुम्हाला जास्त आलाय!"

तरी मी काढून नेला. त्याच्या मशीनवर सहा. घरी आणून बसवला, सात.

सहा जण घाम गाळायचे आणि सातवा घरजावयासारखा बसून. कितीही मोठा नकाशा उघडा, त्याची रेघ जमिनीला चिकटलेली. तिसऱ्या दिवशी दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी ती एकदम वरच्या टोकाला गेली. तीन चाळीसला धपकन खाली आली. त्याच वेळी सासरे आळोखेपिळोखे देत बाहेर आले. "काय गाढ झोप लागली हो! कित्येक वर्षांत अशी नाही."

दुसऱ्या दिवशीही तसंच झालं. मी पडताळून बघणारा माणूस. रेघ चढली की चहा घेऊन आत जायचो, त्यांना उठवायचो, बाहेर येऊन बघायचो. दर वेळी शून्य.

चौथ्या कपाला ते उठून बसले. "जावईबापू, सरळ सांगा. माझ्याकडे काय काम काढलंय?"

पुढच्या आठवड्यात ते मेहुणीकडे गेले, रेल्वेने चार तासांवर. दुपारी एक पस्तीसला रेघ चढली. मी फोन केला.

"बाबा आत्ताच झोपले," मेहुणी म्हणाली. "का हो भावोजी?"

"असंच," मी म्हणालो.

बायकोला सगळं सांगितलं. तिने सरळ प्लग उपटला. सासरे परत आले आणि दोन दिवस त्यांच्या डोळ्याला डोळा नाही.

"पाठ टेकली की कुणीतरी आतून दार लावून घेतं," ते म्हणाले. चेहरा पार उतरला होता.

तिसऱ्या दिवशी बायकोनेच प्लग लावला. दहा मिनिटांत आतून घोरणं ऐकू आलं.

"तू नकाशे काढ नाहीतर काढू नकोस," ती म्हणाली, "हे बंद करायचं नाही."

सहा महिने सुखाचे गेले. मग पंखा गुरगुरायला लागला, प्रोसेसर नव्वद अंशांवर जाऊ लागला. सातवी रेघ थरथरायची आणि आत सासरे झोपेत कण्हायचे. साफसफाई करणं भाग होतं.

"बाबा जागे असतानाच कर," बायकोने बजावलं, आणि सकाळी त्यांना स्वयंपाकघरात वर्तमानपत्र देऊन बसवलं.

मी प्रोसेसरवरचा कूलर काढला. पंख्यातली धूळ ब्रशने झाडली, वाळलेली पेस्ट पुसली. प्रोसेसर उचलून तळहातावर घेतला.

"अगं, खिडकी लाव," स्वयंपाकघरातून आवाज आला. "एकदम गार लागतंय."

खिडकी बंदच होती.

नवी पेस्ट लावून भराभर सगळं बसवलं, बटण दाबलं, आलेख उघडले.

आठ होते.

बायकोला काही बोललो नाही.

दोन दहाला सातवी रेघ वर गेली. मिनिटभराने आठवीही. तापमान छान होतं, पंख्याचा आवाजही नव्हता.

साडेतीनला सातवी खाली आली. आत चपला वाजल्या.

आठवी वरच होती.

सासरे बाहेर आले. त्यांनी दोन्ही हातांनी दार ओढून घेतलं, कडीसुद्धा वाजू दिली नाही.

"बाबा, चहा टाकू?" बायकोने स्वयंपाकघरातून मोठ्याने विचारलं.

त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

"हळू," ते कुजबुजले. "आत्ता कुठे डोळा लागलाय."